तुंब्यातली लोखंडी नळी

मामा साताऱ्याहून आमच्याकडे मॅडिसनला जूनमध्ये आले. विस्कॉन्सिन राज्याच्या या राजधानीत उन्हाळा दमट असतो. आल्यानंतर दोनच दिवसांत आमच्या तळघराचं दार चौकटीला घासतं हे मामांच्या कानांनी टिपलं. "याला रंधा मारू नकोस," म्हणाले, "डिसेंबरात आपोआप सुटेल." त्यांच्या घरी पिढीजात सुतारकी. ते स्वतः मात्र सैन्यात गेले, सिकंदराबादच्या ईएमई सेंटरमध्ये शिकले आणि चोवीस वर्षं आर्मरर म्हणून रायफली दुरुस्त करत राहिले. लाकूड आणि लोखंड यांचं एकमेकांशी कसं जमतं आणि कसं बिनसतं, हे त्यांच्याइतकं जवळून पाहिलेला माणूस माझ्या ओळखीत दुसरा नाही.

माझ्याकडे एक जुनी रायफल आहे. १९७० च्या दशकातली, अमेरिकन बनावटीची, बोल्ट-ॲक्शन, थर्टी-ओ-सिक्स काडतुसाची. दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा. नोव्हेंबरमध्ये थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी इथे नऊ दिवसांचा हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. गेल्या हंगामात मी नेम धरला होता तिथून माझी गोळी चार बोटं खाली लागली. हरीण पळालं. रक्ताच्या थेंबांमागून दोन तास चालल्यावर ते सापडलं. त्या दोन तासांबद्दल मी घरात कोणाशी फारसं बोललो नाही, पण पुढचा सगळा खटाटोप त्यांच्यामुळेच झाला. जुलैच्या एका रविवारी मी मामांसमोर विषय काढला. त्यानंतर जवळजवळ महिनाभर आमचं जे बोलणं चाललं, ते इथे जमेल तसं लिहितो आहे.

मी : मामा, या रायफलीचं पिलर बेडिंग करायचं ठरवलंय. घरीच, तळघरात. नाताळच्या सुट्टीत निवांत वेळ मिळतो, तेव्हा.

मामा : म्हणजे नक्की काय करणार?

मी : रायफलीचं लोखंडी अंग, रिसीव्हर, दस्त्यात बसतं ते दोन स्क्रूंवर. एक पुढे, एक मागे. ते चापाच्या खालच्या पट्टीतून वर येतात, लाकडातून जातात आणि रिसीव्हरमध्ये शिरतात. आवळले की मधलं लाकूड चिमटीत सापडतं. मी ती भोकं मोठी करून त्यात ॲल्युमिनियमच्या जाड नळ्या बसवणार. मग चिमटीत धातूच राहील, लाकडावर दाब येणार नाही. आणि रिसीव्हरखाली इपॉक्सीचा थर, म्हणजे त्याच्या आकाराचा तंतोतंत ठसा मिळेल.

मामा : म्हणजे लांबी भरणार.

मी : लांबी नव्हे, मामा.

मामा : ज्याला सांधा जमत नाही तो लांबी भरतो. आम्ही काय करायचो? लोखंडाला काजळ लावायचं, दस्त्यात बसवायचं, काढायचं. जिथे काळा डाग पडला तिथे पटाशीने कांद्याच्या पातीइतका पापुद्रा काढायचा. पुन्हा काजळ, पुन्हा बसवायचं. दोन दिवस लागायचे, पण शेवटी लोखंड लाकडात असं बसायचं की उलटं धरलं तरी पडू नये. ते काम हाताचं होतं. तुझं काम डब्यातलं.

मी : तो हात माझ्याकडे नाही, हे मी आधीच कबूल करतो. पण हात असता तरी मी हेच केलं असतं. कारण तुम्ही कितीही सुंदर बसवलंत तरी लाकूड तसं राहत नाही.

मामा : थांब. आधी हे सांग, गोळी खाली गेली म्हणून दस्त्यावर आळ का घेतोस? दुर्बिणीचे स्क्रू पाहिलेस का? काडतुसं बदलली होतीस का?

मी : पाहिले, घट्ट होते. काडतुसं त्याच खोक्यातली. मे महिन्यात शंभर यार्डांवर पाच गोळ्या मारल्या, त्या साडेतीन इंचांत पसरल्या, आणि जवळजवळ एका उभ्या रेषेत. मग दस्त्याचे स्क्रू पाहिले. मी ४५ इंच-पाउंडांवर आवळले होते. पुढचा बोटाने फिरत होता.

मामा : आण ती खाली. आणि आधी बोल्ट उघड. चेंबरमध्ये बोट घालून दाखव मला. डोळ्याने नाही, बोटाने.

(मी दाखवलं. नंतरच्या महिन्याभरात मी रायफल जितक्या वेळा हातात घेतली तितक्या वेळा मामांनी हे करायला लावलं, बोल्ट दुसऱ्या खोलीत ठेवलेला असतानासुद्धा.)

त्या दिवशी मी डायल गेज लावून बसलो होतो. रायफलीच्या नळीवर गेजचं टोक, दस्त्याच्या शेंड्यावर त्याचा पाया. पुढचा स्क्रू सैल केला की काटा किती हलतो ते पाहायचं. मामांनी गेजकडे पाहिलंही नाही. दस्त्याचा शेंडा आणि नळी यांच्या सांध्यावर त्यांनी अंगठा आणि तर्जनी ठेवली आणि म्हणाले, "आता सोड." मी स्क्रू सोडला. "हलली," म्हणाले. काटा इंचाच्या सात हजारांश भागाने हलला होता. याचा अर्थ स्क्रू आवळला की रिसीव्हर किंचित वाकत होता आणि सोडला की सरळ होत होता. मग दस्ता उपसून पाहिला तर पुढच्या भोकाभोवतीचं लाकूड काळं पडलेलं, नखाने दाबलं तर दबणारं. मामांनी ते हुंगलं.

मामा : तेल. कोणीतरी ही वर्षानुवर्षं उभी ठेवलीय, नळी वर करून. नळीतलं तेल गळत गळत इथे येऊन मुरलं. तेल प्यायलेलं लाकूड दाब सोसत नाही. थ्री-नॉट-थ्रीचे निम्मे आजार हेच असायचे.

मी : मग हे लाकूड तसंच ठेवून काजळ लावून काय उपयोग?

मामा : ते मी कुठे म्हटलं? सडका भाग काढायचा आणि चांगल्या अक्रोडाचा तुकडा रेषा जुळवून बसवायचा. ठिगळ असं की कोणाला दिसू नये.

इथे मामांचं म्हणणं नुसतं जुन्याच्या प्रेमाचं नव्हतं, हे सांगायला हवं. ली-एनफिल्ड रायफलीत, म्हणजे मामांच्या थ्री-नॉट-थ्रीत, गोळी सुटतानाचा मागचा धक्का पुढच्या दस्त्याच्या आतल्या दोन लहानशा लाकडी खांद्यांवर येतो. इंग्रज आर्मरर त्यांना 'ड्रॉज' म्हणत, मामाही तेच म्हणतात. लोखंड त्या खांद्यांना चिकटून बसलं नाही तर प्रत्येक धक्क्याला ते थोडं मागे सरकतं, लाकूड चेपतं आणि एक दिवस दस्ता मागून उभा चिरतो. ईशापूरच्या कारखान्यातल्या रायफलींच्या दस्त्यात म्हणूनच एक आडवा स्क्रू दिसतो, चीर आवळून धरणारा. अशा रायफलीत लाकूड घट्ट धरलेलं असणं ही चैन नव्हे, त्यावरच सगळं चालतं. मामांची सारी नोकरी ते लाकूड घट्ट ठेवण्यात गेली होती, आणि मी त्यांना सांगत होतो की लाकडाला घट्ट धरायचंच नाही.

मी : याच गावात १९१० पासून लाकडाची सरकारी प्रयोगशाळा आहे, फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरी. त्यांच्या पुस्तकात अमेरिकन अक्रोडाचे आकडे आहेत. लाकडातला ओलावा एक टक्का कमी झाला की ते रेषेला आडवं, जसं कापलं असेल त्याप्रमाणे, हजारात साधारण १.९ ते २.७ भाग आकसतं. लांबीला जवळजवळ नाहीच. आता उन्हाळ्यात आपल्या तळघरात लाकडात १२ टक्के ओलावा धरा. जानेवारीत घर तापवलं की हवा इतकी कोरडी होते की तो ६ वर येतो. स्क्रूभोवती एक इंच जाड लाकूड असेल तर सहा महिन्यांत ते ०.३ ते ०.४ मिलिमीटर पातळ होतं.

मामा : होणारच. दार पाहिलंस ना.

मी : पण पुढचं ऐका. या स्क्रूला इंचाला २८ आटे आहेत. एका फेऱ्याला स्क्रू ०.९ मिलिमीटर पुढे जातो. म्हणजे नुसत्या हवेमुळे स्क्रू तिसरा हिस्सा फेरा, वेळेला त्याहून जास्त सैल होतो. जुलैत मी आवळला तो नोव्हेंबरात बोटाने का फिरणार नाही?

मामा काही वेळ गप्प बसले. मग स्क्रू हातात घेऊन त्याचे आटे नखाने मोजत राहिले.

मामा : तिसरा हिस्सा. हे मला कोणी असं सांगितलं नव्हतं. आम्ही नुसतं म्हणायचो, थंडीत तपासा.

मी : आणि उन्हाळ्यात लाकूड फुगायला लागतं तेव्हा वर-खाली लोखंड. फुगायला जागा नाही. मग त्याचे तंतू आतल्या आत चेंगरतात आणि तसेच राहतात. पुन्हा हिवाळा आला की ते आधीपेक्षा जास्त आकसलेलं. आपण पुन्हा स्क्रू आवळतो. दरवर्षी थोडं थोडं लाकूड आपणच चिरडत जातो.

मामा : कुऱ्हाडीचा दांडा.

मी : म्हणजे?

मामा : दांडा सैल झाला की लोक कुऱ्हाड रात्रभर पाण्यात टाकतात. सकाळी घट्ट. आठ दिवसांनी आधीपेक्षा सैल. आमच्या घरातले दादा शिव्या द्यायचे असं करणाऱ्याला. "पाण्यानं दांडा घट्ट होत न्हाई, मरतो," म्हणायचे. का मरतो ते आज कळलं.

यानंतर आम्ही बैलगाडीच्या चाकावर आलो. माझा अंदाज होता की हा दाखला मामांना पटवेल. तो त्यांनी माझ्यावरच उलटवला.

मी : मामा, चाकाचा तुंबा आसाभोवती फिरतो तिथे आत लोखंडी नळी कशाला बसवायचे? तुंबा बाभळीचा, चांगला कठीण. तरी?

मामा : नाहीतर आस तुंबा खाऊन टाकेल.

मी : मग मी वेगळं काय करतोय? जिथे लोखंडाचा भार थेट लाकडावर येतो तिथे मधे धातू घालतोय. हा विचार तुमच्याच घरातला आहे.

मामा : आणि चाकावरची धाव विसरलास? लोखंडी धाव तापवून लाकडी पाट्यांवर चढवायची, पाणी ओतायचं, आकसून चाक आवळलं जायचं. पण वैशाखात काय व्हायचं? लाकूड सुकायचं, धाव होती तेवढीच. चाक खडखडायचं. लोक ओढ्यात उभं करायचे, आणि ते पुरेनासं झालं की लोहार धाव कापून लहान करायचा. तू म्हणतोस लाकूड आकसतं. कबूल. पण तुझी नळी आकसते का?

मी : नाही.

मामा : मग हिवाळ्यात लाकूड पातळ झालं, नळी तेवढीच उंच. लोखंड नळीच्या डोक्यावर बसलं आणि लाकूड खाली लोंबतं. थ्री-नॉट-थ्रीत पुढच्या स्क्रूला एक कॉलर असते. ती तुझी नळीच समज, शंभर वर्षांपूर्वीची. लाकूड सुकून आखडलं की ती कॉलर उंच ठरायची आणि पुढचा दस्ता सैल पडायचा. मी किती कॉलरी कानशीने घासल्यात त्याचा हिशेब नाही. तू जो इलाज म्हणतोस तो मी आजार म्हणून बरा केलाय.

हा आक्षेप मी कुठे वाचलेला नव्हता. मला उत्तर शोधायला तीन दिवस लागले.

मी : तुमच्या रायफलीत धक्का लाकडाचे खांदे झेलतात, म्हणून लाकूड आवळलेलंच हवं. या रायफलीत रिसीव्हरच्या पुढच्या टोकाखाली एक जाड लोखंडी जीभ आहे, रिकॉइल लग. तिच्या मागे इपॉक्सीची भिंत असेल, आणि तीच धक्का झेलेल. समजा हिवाळ्यात लाकूड दशांश-दोन दशांश मिलिमीटर खाली गेलं. तरी रिसीव्हर दोन नळ्यांच्या डोक्यावर आणि त्या भिंतीवर टेकलेलाच राहील. उन्हाळ्यात जिथे टेकला होता तिथेच. मला लाकूड चिकटलेलं नकोय मामा, मला टेकू बदलायला नकोय.

मामा : आणि लाकूड कशाला मग? प्लॅस्टिकचा दस्ता घे.

मी : तो नोव्हेंबरच्या पहाटे गालाला लावून पाहा एकदा. शिवाय लाकूड जे चांगलं करतं ते मला त्याच्याकडून हवंच आहे. हाताला बसणं, वजन, लांबीला ताठ राहणं. त्याने स्क्रूखाली चिरडून घ्यावं, एवढंच मला मान्य नाही.

मामा : (बऱ्याच वेळाने) ऑस्ट्रेलियात लिथगोचा कारखाना होता. तिथल्या रायफलींना तिकडचं मऊ लाकूड होतं. त्यांनी त्या खांद्यांवर तांब्याच्या पट्ट्या बसवल्या. हे माझ्याच विरुद्ध जातंय, पण तुला ठाऊक असावं म्हणून सांगतो.

मी : जर्मन माउझरमध्येही मागच्या स्क्रूभोवती कारखान्यातूनच पोलादी नळी यायची.

मामा : ते असो. नाताळात करणार म्हणालास ना? तिथे तू चुकतोस.

आता मला वाटतं, त्या महिन्यातलं सगळ्यात मोलाचं बोलणं हेच. बेडिंग शिकवणारे लोक खोलीचं तापमान सांगतात, इपॉक्सीचं प्रमाण सांगतात. काम कोणत्या ऋतूत करावं हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

मामा : नाताळात तुझं लाकूड सुकलेलं, सगळ्यात पातळ. त्या मापाची नळी कापलीस. पुढच्या श्रावणात लाकूड फुगलं की ते नळीच्या वर येईल. मग लोखंड पुन्हा लाकडावर, स्क्रू पुन्हा लाकूड चिरडणार. नळी आत नुसती शोभेला. त्यापेक्षा आत्ता कर, ऑगस्टात, लाकूड जास्तीत जास्त फुगलेलं असताना. मग ते जाईल तर खालीच जाईल, वर कधी येणार नाही. टेकू बारा महिने नळीचाच. तुझ्याच हिशेबाने बोलतोय मी.

मी : म्हणजे तुम्हाला पटलं?

मामा : पटलं असं नाही. करायचंच असेल तर असं कर, एवढंच म्हणतोय. आणि आतून एकही उघडी जागा ठेवू नकोस. खोबणीत, भोकांत, जिथे तंतूंची टोकं उघडी दिसतात तिथे आधी पातळ इपॉक्सी पाज. लाकूड पाणी पितं ते टोकांतून.

ऑगस्टच्या चौथ्या आठवड्यात आम्ही काम केलं. ते घरी करता येतं, पण घाईने करता येत नाही. तेल प्यायलेल्या लाकडाला इपॉक्सी धरत नाही, म्हणून मामांनी आधी चार दिवस खडूची पूड ॲसिटोनमध्ये कालवून तिचा लेप दिला. लेप वाळला की पिवळा व्हायचा, खरवडून पुन्हा नवा. चौथ्या दिवशी तो पांढरा राहिला. मग भोकं. मला हातातल्या ड्रिलने करायची होती. मामा म्हणाले, हाताचं काम हाताने आणि सरळ भोक यंत्राने. मित्राच्या गॅरेजमधल्या उभ्या ड्रिलवर दस्ता पाणसळ लावून बांधला आणि दोन्ही भोकं १४ मिलिमीटरपर्यंत वाढवली. नळ्यांच्या बाहेरच्या अंगावर कानशीने खाचा पाडल्या, म्हणजे इपॉक्सी धरेल. वरचं डोकं रिसीव्हरच्या गोलाईप्रमाणे घासलं. आतलं भोक स्क्रूपेक्षा मोठं, स्क्रूचा दांडा नळीला कुठेही लागता कामा नये. लागला तर धक्का स्क्रूवर येतो.

रिकॉइल लगच्या पुढे, खाली आणि दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावली, मागची बाजू उघडी. पट्टी नंतर निघते आणि तेवढी मोकळी जागा उरते. लग फक्त मागेच टेकावा. खाली टेकला तर रिसीव्हर त्याच्यावर डुलतो. रायफलीच्या नळीलाही पुढे पट्टीचे वेढे दिले, ती दस्त्याच्या मध्यभागी आणि अधांतरी राहावी म्हणून. चापाच्या पिनांची भोकं, मॅगझिनची पोकळी, सगळीकडे माझ्या मुलीची खेळायची माती भरली. इथे चूक झाली तर इपॉक्सी भोकात शिरून अडकते आणि रायफल दस्त्यातून कधीच निघत नाही. मामांनी बॅटरी घेऊन प्रत्येक भोक दोनदा पाहिलं. एक राहिलं होतं, मला दिसलेलं नव्हतं.

लोखंडाला इपॉक्सी चिकटू नये म्हणून बुटांचं बिनरंगी पॉलिश लावतात. तो डबा पाहून मामा खुर्ची ओढून बसले. "हे मला दे." पातळ हात, वाळू द्यायचा, मऊ फडक्याने घासायचं, दुसरा हात. परेडच्या आदल्या रात्री बूट चमकवतात तसा तो रिसीव्हर त्यांनी चमकवला.

मी : आता इपॉक्सी घालून, रिसीव्हर बसवून स्क्रू आवळू?

मामा : अजिबात नाही. आवळलास की तो वाकेल, आणि वाकलेल्याचाच ठसा उमटेल. मग हे सगळं कशासाठी केलं? आपल्या वजनाने बसू दे. रबराची नळी दोन वेढे सैलसर गुंडाळ, पुरे.

बाजूंनी वर आलेली इपॉक्सी आम्ही व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काड्यांनी पुसत बसलो. चोवीस तासांनी मामांनी रायफलीच्या नळीला खालून लाकडी हातोड्याने हलकेच दोन टोले दिले. तिसऱ्याला "टक्" असा आवाज आला आणि रिसीव्हर सरळ वर निघाला. खाली राखाडी ठसा, त्यात रिसीव्हरच्या अंगावरची घासल्याची बारीक रेघसुद्धा उमटलेली. मामांनी त्यावरून बोट फिरवलं.

मामा : काजळाने एवढं नसतं आलं.

मी : मग?

मामा : मग काही नाही. तरी मी ठिगळच लावलं असतं. ते माझ्या हाताचं असतं, आणि पन्नास वर्षांनी दुसऱ्या कोणाला ते पटाशीने काढून पुन्हा करता आलं असतं. तुझं हे काढता येणार नाही. चांगलं झालंय, पण परतीची वाट नाही. मूळ अवस्थेतली जुनी सैनिकी रायफल असती तर मी तुला हात लावू दिला नसता.

या शेवटच्या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही आणि मी ते शोधतही नाही. मामांचं बरोबर आहे. ही रायफल शिकारीची आहे, तिचं लाकूड आधीच बिघडलेलं होतं, आणि तिने नोव्हेंबरात एकदाच पण नेमकं काम करायला हवं, म्हणून मी हे केलं. जपून ठेवण्याच्या वस्तूला हा न्याय लावू नये. आणखी एक गोष्ट वाचकांसाठी : विस्कॉन्सिनमध्ये स्वतःच्या रायफलीच्या दस्त्याचं काम घरी करायला परवाना लागत नाही. आपल्याकडे भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे बंदुकीच्या दुरुस्तीलाही परवाना लागतो. घरात आजोबांची परवान्याची बंदूक असेल आणि तिचा दस्ता हलत असेल, तर ती परवानाधारक कारागिराकडेच न्यावी.

सप्टेंबरात तीन वेगवेगळ्या सकाळी, थंड नळीने, शंभर यार्डांवर पाच-पाच गोळ्या मारल्या. पुंजका दीड इंचाच्या आसपास, गोल, तिन्ही दिवशी त्याच जागी. मामा कागदाजवळ जाऊन उभे राहिले, काही बोलले नाहीत. परत जाताना त्यांनी मला एक शंभर पानी वही दिली. पहिल्या पानावर रकाने आखलेले : तारीख, तळघरातला दमटपणा, पुढचा स्क्रू, मागचा स्क्रू, फट.

जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी साताऱ्याहून फोन आला. मामांनी आधी तळघराच्या दाराची चौकशी केली. सुटलं होतं. मग म्हणाले, वही भर. मी टॉर्क रेंच लावला, मग लाकडाच्या कडेने फीलर गेजच्या पट्ट्या सरकवून पाहिल्या आणि फोनवरच वाचून दाखवलं. दमटपणा २८ टक्के. पुढचा स्क्रू ४५, मागचा ४५. फट ०.१ मिलिमीटर.